उत्तरपत्रिका परत का येत नाही?

(बदनावर येथे समाजाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठातील अध्यापन व अध्ययनाचा दर्जा सुधारण्याविषयी मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचवले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी प्राध्यापक नाही, पीएच.डी. तर नाहीच नाही. बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरवर बसणारा साधा कारकून. पण सचिव म्हणाले, "माल बनवणाऱ्याला विचारले तर तो माल चांगलाच म्हणणार. ज्याच्या हाती माल पडतो त्याने बोलावे." या युक्तिवादापुढे मला उत्तर सुचले नाही, म्हणून उभा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी पवारांच्या, होळकरांच्या, शिंद्यांच्या स्वारीबरोबर माळव्यात आली. कोणी तलवारीच्या जोरावर आले. पण पुष्कळसे लेखणीच्या जोरावर टिकले. कमाविसदार, फडणीस, कारकून. अक्षर चांगले आणि हिशेब पक्का, एवढ्या भांडवलावर आपल्या आजोबा-पणजोबांनी धार संस्थानात आणि देवासच्या दोन्ही पात्यांत इभ्रतीने संसार केले. तेव्हा शिक्षणाचा दर्जा हा आपल्यासाठी केवळ परिसंवादाचा विषय नाही. आपले पोट त्याच्यावर चालत आले आहे.

आता काउंटरवरची एक गोष्ट सांगतो. गेल्या जुलैत एक मुलगी शिष्यवृत्तीच्या खात्याचे पासबुक भरून घ्यायला आली. तालुक्यातल्याच एका गावची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पासबुक हातात घेऊन ती काउंटरवरच थांबली. मी विचारले, "काय झाले?" ती म्हणाली, "सर, मैंने पाँच सौ जमा किये, तो इसमें क्रेडिट क्यों लिखा है? मेरा तो बैंक डेबिट होना चाहिए." मंडळी, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. 'पाने वाले को डेबिट, देने वाले को क्रेडिट' हा नियम तिला तोंडपाठ होता. मी तिला म्हटले, "बेटा, तुझ्या वहीत बँकेला नावेच टाकशील. पण पासबुक ही तुझी वही नाही. बँकेच्या खतावणीत तुझ्या नावाचे जे पान आहे, त्याची ती नक्कल आहे. तिथे देणारी तू आहेस, म्हणून तुला जमा." दोन मिनिटे लागली. तिचा चेहरा उजळला, आणि ती म्हणाली, "ये तो किसी ने बताया ही नहीं."

वाणिज्य शाखेत दोन वर्षे पूर्ण झालेली मुलगी. तिच्या दप्तरात बँक समाधान विवरणाची दहा गणिते सोडवलेली असणार. पण त्या गणितातले 'पासबुक' म्हणजे आपल्या कपाटातले हेच पासबुक, हे तिला कोणी दाखवले नव्हते. दोष तिचा नाही, आणि एकट्या शिक्षकाचाही नाही.

माझी स्वतःची कथा काही वेगळी नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकलो त्याचे नाव घेत नाही. ते महत्त्वाचेही नाही, कारण त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच चाले. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरत. सर वहीतून मजकूर सांगत, आम्ही वहीत उतरवून घेत. दिवाळीनंतर बाके रिकामी होत. फेब्रुवारीत कोणीतरी इंदूरला खजुरी बाजारात जाऊन गेस पेपर आणि वन-वीक घेऊन येई. पंधरा दिवस जागरण, मग परीक्षा. मी दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झालो. घरी पेढे वाटले. तीन वर्षांत मी किती उत्तरे लिहिली असतील! पण माझे एकही उत्तर, 'इथे तू चुकलास, असे चुकलास' असे लिहून कधी माझ्या हाती परत आले नाही.

पुढे बँकेत लागलो. आमच्या शाखेत तेव्हा अजून संगणक आले नव्हते, जाड जाड खतावण्या होत्या. पहिल्याच महिन्यात संध्याकाळी ताळा जुळेना. २७० रुपयांचा फरक. सात वाजले, आठ वाजले, मी घामाघूम. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, डबा बांधून घरी निघाले होते. ते थांबले. त्यांनी खतावणी हातात घेतली नाही. एवढेच म्हणाले, "फरकाला नऊने भागून बघ." भाग गेला. "आता असा आकडा शोध, ज्यातले दोन अंक तू उलटे लिहिले असशील." मी शोधत बसलो. ते समोरच्या स्टुलावर बसून राहिले. शेवटी सापडले. ६३०च्या जागी मी ३६० लिहिले होते. ते म्हणाले, "अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच. तो का जातो, ते घरी जाऊन विचार कर." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच विचारले!

बाबूजी स्वतः मॅट्रिक होते. पण त्या एका तासात त्यांनी जे केले, त्याला मी अध्यापन म्हणतो. चूक माझी होती, ती त्यांनी पाहिली, उत्तर न सांगता वाट दाखवली, मला सापडेपर्यंत थांबले, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारले. विद्यापीठाच्या दर्जाविषयी जाडजूड अहवाल लिहिले जातात. माझ्या मते त्या सगळ्याचे सार एका प्रश्नात मावते: विद्यार्थ्याची चूक कोणी पाहते का, आणि ती त्याला परत दाखवते का?

असे का होत नाही, याचे मूळ जुने आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही आपली पहिली विद्यापीठे १८५७ साली निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने शिकवायचे नाही. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. आपल्या इंदूरचे होळकर महाविद्यालय १८९१ साली निघाले. ते आधी कलकत्त्याशी जोडलेले होते, मग अलाहाबादशी, मग आग्र्याशी. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ झाले तेव्हा त्याच्याशी, आणि १९६४ पासून इंदूर विद्यापीठाशी, ज्याला १९८८ साली देवी अहिल्येचे नाव मिळाले. इंदूरच्या वर्गात बसलेल्या मुलाचा पेपर काढणारा आणि तपासणारा एके काळी कलकत्त्याला बसलेला असे. आज तो जवळ आला, पण पद्धत तीच राहिली. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा. तपासणाऱ्याला मुलाचे तोंड माहीत नाही, आणि शिकवणाऱ्याला मूल कुठे चुकले ते कळत नाही. बँकेत आपण रोख घेणारा आणि तपासणारा वेगळे ठेवतो, ते बरोबरच आहे. पण फरक निघाला तर संध्याकाळी दोघे एकत्र बसतात! इथे कोणी बसतच नाही.

वरचा सांगाडा मात्र सारखा बदलत राहिला. आपल्या राज्यात २००८ साली पदवीला सेमिस्टर पद्धत आली. २०१७ साली ती काढून पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. २०२१ पासून नवे शिक्षण धोरण लागू झाले; मध्य प्रदेश त्यात देशात अगदी पुढे होता. मेजर, मायनर, व्यावसायिक विषय, प्रकल्प, इंटर्नशिप, सगळे कागदावर आले. धोरण वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्यातल्या पुष्कळ गोष्टी चांगल्या आहेत. पण आमच्याकडे संगणक आले तेव्हाही असेच झाले होते. खतावणी गेली, पडदा आला, आणि ज्याला जमा-नावे कळत नव्हते त्याला पडद्यावरही कळेना.

याचा पुरावा करोनाच्या काळात मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात शेवटच्या वर्षाच्या परीक्षा 'ओपन बुक' पद्धतीने झाल्या. प्रश्नपत्रिका ऑनलाइन, पुस्तक उघडे, उत्तरे घरी लिहायची आणि संकलन केंद्रावर नेऊन द्यायची. त्या आजारात दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण प्रश्न बरेचसे पूर्वीचेच, 'अमुकची व्याख्या देऊन वैशिष्ट्ये लिहा' असे. पुस्तक उघडे आणि प्रश्न पुस्तकातला. मग मुलांनी काय केले, ते आपण आपापल्या घरात पाहिलेच आहे. माझ्या पुतण्याची दोन उत्तरे घरच्या दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होती, यापेक्षा अधिक सांगत नाही.

पण पुस्तक उघडे ठेवून परीक्षा घेणे हे आपल्याच राज्यात त्याआधी फार चांगल्या रीतीने झालेले आहे. १९७२ साली होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यात होत्या. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून प्रयोग करत. पुढे १९८२ साली एकलव्य संस्था निघाली, आपल्या देवासलाही तिचे केंद्र झाले, आणि हा कार्यक्रम माळव्यातल्या शाळांतही पोचला. सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करत, स्वतः निष्कर्ष लिहीत. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती, कारण प्रश्न असा असे की त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, विचार करूनच काढावे लागते. प्रयोगाचीही परीक्षा होई. 'सवालीराम' नावाच्या पत्त्यावर मुले मनातले प्रश्न पत्राने पाठवत आणि त्यांना उत्तरे येत. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तो बंद करणे योग्य की अयोग्य यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला, त्यात मी आज जात नाही. मला इतकेच दिसते की खेड्यातल्या सरकारी शाळेत आठवीच्या मुलाला विचार करायला लावणारा पेपर काढता येत होता. मग बी.कॉम.च्या मुलाला का येऊ नये?

आता शिक्षकांकडे वळू. पहिलीच्या मुलाला शिकवायचे तर आपल्याकडे डी.एड. लागते, दहावीला बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला नेट लागते किंवा पीएच.डी.; म्हणजे विषय येतो याचा पुरावा. शिकवता येते याचा पुरावा कोणी मागत नाही. हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असे नाही. युरोपीय संघाने आयर्लंडच्या माजी राष्ट्रपती मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिने २०१३ च्या अहवालात स्पष्ट सांगितले की, विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रत्येकाला २०२० पर्यंत शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले असावे. आपल्याकडे १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली, इंदूरच्या विद्यापीठातही असे केंद्र झाले. तीन-चार आठवड्यांचे वर्ग होत, प्रमाणपत्र मिळे, ते पदोन्नतीला लागे. २०२३ साली या केंद्रांना मालवीयांचे नाव दिले गेले. चांगले वर्ग होत असतीलही. पण परत आल्यावर त्या गुरुजींच्या वर्गात काही बदलले का, हे पाहायला कोणी येत नाही.

उलट २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली, आणि शोधनिबंधांची संख्या वाढवण्याची शर्यत लागली. पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१८ साली नियम थोडे सैल झाले. पण ज्याने संध्याकाळी थांबून दहा मुलांच्या वह्या तपासल्या, त्याला त्याबद्दल एकही गुण मिळाला नाही. ज्याला आपण मोजतो तेच वाढते. हे आम्हा बँकवाल्यांना शिकवावे लागत नाही. आम्हाला खाती उघडण्याचे उद्दिष्ट दिले की खाती उघडतात, मग त्यांत पैसे असोत वा नसोत.

आणि शिक्षक आहेत तरी किती? सरकारी महाविद्यालयांत कित्येक वर्षे नियमित भरती नव्हती. २०१७ च्या जाहिरातीतून निवडलेल्या सहायक प्राध्यापकांच्या नेमणुका २०१९ च्या अखेरीस झाल्या. मधला सगळा भार अतिथी विद्वानांनी उचलला, आजही बराचसा तेच उचलतात. काही वर्षे त्यांना कामाच्या दिवसाला १५०० रुपये या हिशेबाने मानधन मिळे. सुट्टी पडली की तेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महिना ५० हजारांपर्यंत मानधनाची घोषणा झाली, ती स्वागतार्हच आहे. पण नियमित प्राध्यापक बदलून आला की आपण बाहेर, ही टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, तो पुढच्या वर्षीच्या मुलांचा विचार कसा करणार? 'अतिथी' म्हणायचे आणि घरकाम सगळे त्याच्याकडून करून घ्यायचे, ही कुठली रीत?

येथे आपल्याच परंपरेतले एक उदाहरण आठवते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालय काढले. आजीव सभासद महिना ७५ रुपयांवर शिकवत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत तिथे होते. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय ते तयार करून शिकवत. रँगलर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँगलर झाले. सरकारी नोकरी त्यांच्यासाठी हात जोडून उभी होती. ते दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनला परतले आणि त्याच ७५ रुपयांत शिकवू लागले. आजच्या शिक्षकाने ७५ रुपयांत राबावे असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे लबाडीचे होईल. मला दिसते ते असे की, त्या लोकांनी संस्था स्वतःची मानली होती, आणि समाजानेही ती आपली मानली होती. आपण बदनावरच्या महाविद्यालयाला आपले मानतो का?

इथे मला आपल्या सर्वांना, आणि प्रथम स्वतःला, दोन शब्द सुनवायचे आहेत. आपली परिस्थिती असलेली मुले बारावीनंतर इंदूरला जातात, थोडी पुण्याला. माझा मुलगाही इंदूरला आहे. आपले मूल बाहेर पडले की इथल्या महाविद्यालयाशी आपला संबंध संपतो. मग इथे कोण उरते? बखतगढ, कानवन, कोद, बिडवाल या बाजूंनी बसने येणारी मुले, ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोचणारे तेच पहिले. आणि आपल्याच समाजातल्या मुली, ज्यांना 'इतक्या लांब एकटी कशाला' म्हणून आपण इथेच ठेवतो. मुलाला इंदूरचे शिक्षण आणि मुलीला बदनावरचे! मग बदनावरचे शिक्षण चांगले करण्याची जबाबदारी आपली नाही का?

मागे एकदा माझ्या धाकट्या मुलीने मला विचारले, "बाबा, दादाच्या कॉलेजात असाइनमेंट तपासून परत देतात. आमची सीसीईची फाइल जमा होते, ती परत येतच नाही. मग मी एवढी सुवाच्य कशाला लिहू?" मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "गुण मिळतात ना, लिही." उत्तर देऊन झाल्यावर मला माझीच लाज वाटली. बाबूजींनी मला असे उत्तर दिले नसते.

राजकारणाचे म्हणाल, तर आपले हे पत्रक राजकीय प्रश्नांसाठीच आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. महाविद्यालयात राजकारण पोचते ते निवडणुकीच्या रूपात, नाही तर उद्घाटनाच्या. २००६ च्या ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात छात्रसंघाच्या निवडणुकीच्या वादात प्रा. सभरवाल यांचा मृत्यू झाला. खटला नागपूरला चालला, २००९ साली आरोपी निर्दोष सुटले. सगळ्या देशात चर्चा झाली. त्या चर्चेत 'मुलांना वर्गात काय मिळते' हा विषय किती वेळा आला? जुलै २०२४ मध्ये राज्यातल्या ५५ जिल्ह्यांत एकेक महाविद्यालय 'पीएम उत्कृष्टता महाविद्यालय' झाले, आपल्या जिल्ह्यात धारचे. आनंद आहे. पण तालुक्याच्या मुलांसाठी धार म्हणजे रोजचे जाऊन-येऊन दोन तास. उमेदवार दारात येतो तेव्हा आपण रस्ता मागतो, नळ मागतो, बदली मागतो. वाणिज्य शाखेत किती पदे आहेत आणि किती भरली आहेत, हे आपण कधी विचारले आहे?

आणि आता वेळ थांबणार नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्याच तालुक्यात भैंसोला येथे पंतप्रधानांच्या हस्ते पीएम मित्र पार्कची पायाभरणी झाली. दोन हजार एकरांहून मोठा वस्त्रोद्योगाचा पार्क. तिथे यंत्रावर माणसे लागतील. पण भांडारात, हिशेबात, जीएसटीच्या कामात, निर्यातीच्या कागदपत्रांतही लागतील. ती खुर्ची कोणाला मिळेल? ज्याला पासबुक वाचता येते त्याला. आपल्या मुलांना येत नसेल, तर बाहेरून येतील आणि आपली मुले दारावर पहारा करतील. मग आपण 'स्थानिकांना रोजगार द्या' म्हणून मोर्चा काढू. तो मोर्चा आजच, महाविद्यालयाच्या दारातून काढावा असे मला वाटते. घोषणा देत नव्हे, चार प्रश्न घेऊन.

पहिला प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान १८० दिवस प्रत्यक्ष अध्यापन व्हायला हवे. गेल्या वर्षी किती झाले? हा आकडा दर महिन्याला फलकावर लागावा.

दुसरा. १९९६ पासून आपल्या राज्यात जनभागीदारी योजना आहे. तिच्या समितीत लोकप्रतिनिधींबरोबर पालकांना आणि देणगीदारांनाही जागा आहे. मुलांकडून जनभागीदारीचे शुल्क घेतले जाते. त्या पैशातून रंगरंगोटी आणि प्रवेशद्वार किती, आणि ग्रंथालय व अध्यापन किती? सांगत नसतील तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच.

तिसरा प्रश्न माझ्या मनाच्या सर्वांत जवळचा. अंतर्गत मूल्यांकनाची प्रत्येक वही शेरा लिहून विद्यार्थ्याला परत मिळावी. याला नवा कायदा नको, इमारत नको, पैसा नको. गुरुजींना वेळ नाही म्हणाल, तर पाचाऐवजी दोनच चाचण्या घ्या, पण त्या परत द्या. विद्यापीठाच्या परीक्षेचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात सांगितले आहे की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात हक्क आहे. नापास झाल्यावर भांडण्यासाठी नव्हे, पास झालेल्यांनीही ती मागावी. आपण कुठे चुकलो ते कळायला.

चौथा प्रश्न आपल्याला स्वतःला. आपण काय देणार? आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, लेखापाल आहेत, न्यायालयात काम केलेले आहेत, मंडीत अडतीवर हिशेब लिहिणारे आहेत. महिन्यातला एक रविवार, दोन तास. प्राचार्यांची परवानगी घेऊन, समाजाचीच नव्हे तर कोणत्याही समाजाची मुले बसवायची. समोर खरे व्हाउचर, खरे मंडीचे बिल, कोरा चेक, जुने पासबुक. शिकवायचे थोडे, चुका तपासायच्या जास्त. पहिल्या रविवारी मी येतो. येताना जाणूनबुजून २७० रुपयांचा फरक ठेवलेली एक रोजकीर्द घेऊन येतो. मुलांना सांगणार काही नाही. स्टुलावर बसून राहणार.

कोणी म्हणेल, मुले येणारच नाहीत. ती वर्गात तरी कुठे येतात? हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकही मला हेच सांगतात, आणि त्यांची व्यथा खरी आहे. चार मुले समोर असली तर उत्तम शिक्षकाचाही उत्साह मावळतो. पण मुलाच्या बाजूनेही पाहा. जिथे न जाताही पंधरा दिवसांत पास होता येते, तिथे तो कशासाठी जाईल? ज्या दिवशी त्याला कळेल की इथे माझी चूक कोणीतरी बघते, त्या दिवशी तो येईल. सगळे येणार नाहीत. पाच आले तरी पुरे. मी त्या रात्री एकटाच होतो, आणि बाबूजी थांबले होते.

बाबूजी आज हयात नाहीत. त्यांचे नाव कुठल्या इमारतीवर नाही. पण आजही माझा ताळा चुकला की मी आधी नऊने भागून बघतो, आणि माझ्यानंतर शाखेत आलेल्या तीन नव्या मुलांना मी उत्तर न सांगता तेवढेच सांगितले आहे.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास लहान भाऊ समजून क्षमा करावी. रविवारच्या वर्गासाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर सचिवांकडे द्यावे. पहिले नाव मी लिहून ठेवले आहे, दुसऱ्या ओळीची जागा रिकामी आहे.